पळसुलेकाकांचा नकाराचा व्यायाम

आमचे पळसुलेकाका रोज संध्याकाळी नकार आणायला बाहेर पडत. हातात कापडी पिशवी, पायात बूट, डोक्याला लोकरीची टोपी. कुणी विचारलं, "काका, कुठे निघालात?" तर म्हणत, "बघतो, एखादा चांगला नकार मिळतो का!"

मिळाला की घरी येऊन पोटावरून हात फिरवायचा आणि जाहीर करायचं, "पचला!"

जयपूरच्या शास्त्रीनगरात त्यांचं दुमजली घर आहे. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते इथेच राहिले आणि वरची खोली त्यांनी मला भाड्याने दिली. मी वाशीमकडचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. जयपुरातच झालाना भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले होते. एवढ्या लांब येऊन मराठी बोलणारं घर मिळालं, याचंच मला केवढं अप्रूप. घरमालक नकार गोळा करतात, हे सामान लावून झाल्यावर कळलं.

पहिल्याच रविवारी ते मला बरोबर घेऊन गेले. मिठाईच्या दुकानात जाळीदार घेवर मांडले होते. काका हलवायाला म्हणाले, "भैया, यह घेवर तोल दो. लेकिन छेद छोड़कर. मतलब, हवा के पैसे मैं नहीं दूँगा."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. हलवायाने मात्र घेवर उचलून उजेडाला धरला, नीट पाहिला आणि हात जोडून म्हणाला, "हुकम, छेद तो हमारी तरफ़ से हैं."

काका घेवर घेऊन बाहेर आले ते धुसफुसतच. "बघितलंत इंगळे? हा काय नकार झाला? उलट पाव किलो गळ्यात पडलं!"

जयपूरबद्दल काकांची एवढी एकच तक्रार होती. इथे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. 'हो जाएगा सा', 'आप बैठिए तो सही', आणि लगेच हातात चहा. एकदा ते रजईच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "रजई एक रात्र पांघरून बघेन, ऊब वाटली तर घेईन." एवढी निर्लज्ज मागणी कोण मान्य करणार! दुकानदार म्हणाला, "ले जाइए भाईसाब. एक आपकी, एक भाभीजी की." काका दोन रजया काखोटीला मारून रिक्षातून उतरले, ते एखाद्या सामन्यात हरल्यासारखे. सकाळी परत करायला गेले, तर तो पुन्हा चहा पाजायला लागला. शेवटी शरमेने दोन्ही विकत घ्याव्या लागल्या. एक ते पांघरायचे. दुसरी कपाटावर घडी करून ठेवलेली असे.

शेवटी काकांना खरा नकार सापडला तो मुरलीपुऱ्यात. तिथल्या दुधाच्या गाड्यावर एक बाई बसते. काकांनी नुसतं "बहनजी, ज़रा..." म्हटलं की ती मान वर न करता म्हणते, "ना." काय ना, कशाला ना, काही नाही. काका तिच्यावर बेहद्द खूश. "बाई म्हणजे सोनं आहे हो! वाक्य पुरं करू देत नाही!" त्या एका 'ना'साठी ते बस बदलून मुरलीपुऱ्याला जात.

हे सगळं कशासाठी, ते एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी आपणहून सांगितलं. काकू लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेल्या होत्या. तीन महिन्यांसाठी. आता ते बाळ शाळेत जाण्याजोगं झालं होतं आणि काकू तिथेच होत्या. लेक-जावई दोघं नोकरीवर, मग मुलाला बघणार कोण?

"तिला 'परत ये' म्हणायचंय," काका टॉवेल झटकत म्हणाले. "आणि ती नाही म्हणाली तर?"

"पण काका, तुम्ही तर आयुष्यभर विमा विकलात. लोकांचे नकारच ऐकले असतील."

"ते कंपनीला दिलेले नकार, इंगळे. मला स्वतःला कुणी कधीच नाही म्हटलेलं नाही. कारण मी स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलंच नाही." टॉवेलला चिमटा लावून ते पुढे म्हणाले, "मन काही एकदम कणखर होत नाही. आधी घेवराचा नकार, मग रजईचा, मग मोठा."

बोलता बोलता त्यांनी माझीही तपासणी केली. मी ऑफिसात कुणालाच नाही म्हणू शकत नाही, हे त्यांनी माझ्या घरी यायच्या वेळेवरून ओळखलं होतं. वरिष्ठ माथुरजी रोज आपल्या फायली माझ्या टेबलावर सरकवत आणि मी "जी सर" म्हणत असे. पहिल्या पिढीचा शिकलेला माणूस असाच असतो. नोकरी लागली म्हणजे जगाने आपल्यावर उपकार केलेत असं त्याला वाटतं, मग प्रत्येकालाच हो म्हणतो.

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही, मला नाही ऐकता येत नाही," काका खुशीत म्हणाले. "जोडी झकास आहे! रोज संध्याकाळी मी विचारणार, 'इंगळे, जेवायला येता का?' तुम्ही स्पष्ट म्हणायचं, 'नाही.' कारण द्यायचं नाही. सॉरी म्हणायचं नाही."

आमचा व्यायाम सुरू झाला. मी ऑफिसातून आलो की काका दारात उभे. "इंगळे, जेवायला येता का?"

"नाही."

"पचला! आवाज अजून थोडा खणखणीत हवा होता."

मला त्याचा फायदा झाला, खोटं कशाला बोलू? एके दिवशी माथुरजींनी फाईल सरकवली आणि मी म्हणालो, "नहीं सर, आज नहीं." ते फाईल उचलून परत घेऊन गेले. आभाळ कोसळलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

ही बातमी काकांना सांगावी म्हणून त्या संध्याकाळी मी पळतच आलो. पण दारात नेहमीचा प्रश्न आला, मीही सवयीने खणखणीत "नाही" म्हणालो आणि वर गेलो. मग आठवलं, पाण्याच्या मोटरची किल्ली माझ्या खिशातच राहिली. ती द्यायला खाली आलो. दार लोटलेलं होतं. आत टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. दोन वाट्यांत वरण, दोन्ही ताटांत लिंबाची फोड. काका माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या वाटीतलं वरण परत पातेल्यात ओतत होते. सावकाश, सांडू न देता. नवशिक्यासारखं नाही, रोजची सवय असल्यासारखं.

मी किल्ली खिळ्याला अडकवली आणि आवाज न करता वर आलो. डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी काका दारात होतेच. "इंगळे, जेवायला येता का?"

"हो."

काकांचा हात पोटापर्यंत आलेला, तो तिथेच थांबला. "हो? हो कसं? अहो, व्यायाम बिघडतो अशाने!" मग एकदम गडबडले. "बसा, बसा. भाजी आज जरा... थांबा, पापड भाजतो." पापड त्यांनी जाळला. दुसराही जाळला. होकार ऐकायची त्यांना काही सवयच नव्हती.

आम्ही वांग्याची भाजी आणि वरणभात जेवलो. मी माथुरजींची गोष्ट सांगितली. काका हसले. मग हात धुऊन त्यांनी फोन उचलला आणि स्पीकर लावून समोर ठेवला. बहुधा साक्षीदार हवा होता.

"सुमन, परत येतेस का?"

"अहो, आत्ता? आपल्या लेकीची सुट्टी संपली कालच. नाही हो जमायचं."

घेवर नाही, रजई नाही. स्वच्छ नकार. काकांनी पोटावर हात ठेवला. मी 'पचला' ऐकायची वाट बघत होतो.

"सुमन," ते म्हणाले, "मला करमत नाही गं इथे."

तिकडून काकू हळूच म्हणाल्या, "रोज तर 'मजेत आहे' म्हणता."

मी ताटं उचलली, स्वयंपाकघरात गेलो आणि नळ मोठा सोडला. दोन ताटं घासायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लावला.

काका आत आले तेव्हा डोळे पुसून आलेले दिसत होते. मी भीत भीत विचारलं, "पचला?"

"नाही," काका म्हणाले. मग माझ्या हातातलं ताट घेऊन कोरडं करू लागले. "पण ती म्हणाली, उद्या पुन्हा विचारा."