तिसरीच्या सुभ्यात शांतकोपरा स्थापन जाहाला त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न असो, खडू न मोडो, घंटा वेळेवर होवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य पंचमी, इंदुवासरे एका प्राथमिक राज्यात शिस्तीचे नवे फर्मान निघाले. तिसरीच्या सुभ्यावर कुमुदबाई पाथरे एकोणतीस वर्षे अंमल करीत होत्या आणि दरारा ऐसा की, व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की तीस हातांच्या घड्या पडत आणि तीस बोटे ओठांवर जात. ऐशास थोरल्या बाईसाहेब, म्हणजे मुख्याध्यापिका, यांणी दरबार भरवून आज्ञा केली की, कान धरणे, बाकावर उभे करणे, पट्टी दाखविणे आजपासून बंद. जो ओरडेल, ढकलेल अथवा वेणी ओढील त्याजसाठी खिडकीपाशी शांतकोपरा करावा, तेथे सतरंजी, दोन उशा आणि चित्रांची पुस्तके ठेवावी आणि मन निवेपर्यंत त्यास बसवावे. आणि हे कलम रयतेस तैसेच सुभेदारासही लागू. मग कुमुदबाईंस एकीकडे नेऊन सांगितले की, दिवाळीपूर्वी तुमच्या ओरडण्याची एक जरी तक्रार आली तरी तिसरी काढून घेऊ आणि तुम्हांस ग्रंथालयाच्या कपाटावर नेमू. पोरांवाचून नुसते कपाट काय सांभाळावयाचे, या विचाराने बाईंस दोन दिवस अन्न गोड लागेना.

पुढे आठ दिवसांत कोपऱ्याची कीर्ती जाहाली. उशी मऊ, वारा खिडकीचा आणि तेथे पाढे म्हणावे लागत नाहीत, हे कळताच भली भली पोरे गुन्ह्यास लागली. अर्णव ढमढेरे आपण होऊन हजर होई आणि मी आताच वेणी ओढली म्हणून कबुली देई, आणि जिची वेणी ओढली ती म्हणे की मीही चिमटा काढला आहे, मलाही न्यावे. एके दिवशी कोपऱ्यात सव्वीस असामी दाटली आणि उशांवरून धुमश्चक्री माजली आणि बाकांवर चौघे उरले. त्यांत गार्गी डोईफोडे, जन्मात कुणास न ढकललेली पोर, हमसून रडू लागली की, मला काहीच वाईट करता येत नाही. तेव्हा बाईंचा ताबा सुटला आणि एकोणतीस वर्षांचा आवाज लावून त्या "गप्प बसा" ऐशा गरजल्या, की भिंतीपलीकडे चौथीनेही हाताच्या घड्या घातल्या.

मग गार्गीने डोळे पुसले आणि भिंतीवरचे फर्मान बोट ठेवून वाचिले आणि म्हणाली, "बाई, तुम्ही ओरडलात." बाई खजील जाहाल्या. सव्वीस असामी मुकाट उठली, अर्णवाने उशी झटकून दिली आणि बाई गुडघे धरीत सतरंजीवर बसल्या. हत्तीचे पुस्तक हाती घेतले, परंतु तिसरी आता गेली, या दुःखाने हत्ती दिसेना. इतक्यात गर्जना ऐकून थोरल्या बाईसाहेबांची स्वारी दाराशी आली. पाहतात तो तीस पोरे आपापल्या जागी, हाताची घडी, तोंडावर बोट, कोणी सांगितल्यावाचून. हा काय प्रकार म्हणून पुसता गार्गी ओठांवरचे बोट थोडे बाजूस करून म्हणाली, "मोठ्या बाई, हळू बोला ना. आमच्या बाई शांत होताहेत. झाल्या की आम्हाला परत हव्यात."

थोरल्या बाईसाहेब पाय न वाजविता माघारी गेल्या. तक्रार कोणी केली नाही, तिसरी कुमुदबाईंकडेच राहिली आणि दोहोंपैकी एक उशी त्यांचे नावे राखून ठेविली. वर्तमान इतकेच. वाचणारांनी आता हाताची घडी सोडावी.