मास्तरांच्या छातीतला पाहुणा

टेलरमास्तरांचं हृदय थकलं होतं. रक्त पुढे ढकलण्याचा त्याला कंटाळा आला होता. इस्पितळात नव्या उपचाराची चाचणी चालू होती. डॉक्टरांनी मास्तरांच्याच कमरेच्या हाडातून मूलपेशी काढल्या, त्या हृदयात सोडल्या आणि म्हणाले, बघू या.

घरी आल्यावर एका सकाळी मास्तरांनी चहा केला आणि बायकोच्या उशाशी नेऊन ठेवला. ती दचकून उठली. उभ्या जन्मात या माणसाने पाण्याचा पेलासुद्धा हाताने भरून घेतला नव्हता.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

खरं म्हणजे इस्पितळात ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या मास्तर टरकले होते. हिला एकदाही 'दमलीस का' असं न विचारता आपण जाणार, ही टोचणी त्यांना लागली होती. पण हे तोंडाने सांगणं म्हणजे सुईत दोरखंड ओवण्यातला प्रकार.

"पेशी दुसऱ्याच्या आहेत ना," ते म्हणाले. "कोणीतरी तरुण दाता आहे. त्याचीच सवय असणार."

थाप पचली आणि मास्तर मोकळे सुटले. दात्याच्या नावावर ते भाजी चिरू लागले, चादरींच्या घड्या घालू लागले, 'तू बस, मी बघतो' असंही म्हणू लागले. पण कौतुक सगळं दात्याच्या पदरात. कुठल्या माउलीचा लेक आहे कोण जाणे, पण गुणी आहे हो, असं बायको शेजारणीला सांगे. राबायचं आपण आणि नाव त्याचं, म्हणून मास्तर मनातल्या मनात जळत. त्यात तिने दात्यासाठी स्वेटर विणायला घेतला. मास्तरांनी त्या लोकरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तपासणीला जाताना स्वेटर पिशवीत होता. मास्तरांची पाचावर धारण बसली. हृदय थोडं सुधारलंय, असं डॉक्टर सांगत असतानाच बायकोने पिशवी पुढे केली.

"हा तेवढा दात्याला पोचवा."

"दाता कुठला? पेशी यांच्याच आहेत."

मास्तरांनी मान खाली घातली. "अगं, ते सगळं मीच करत होतो. घाबरलो होतो मी. तुला सांगता येईना."

"ठाऊक आहे. तुमच्या कमरेवरच्या जखमेची पट्टी कोण बदलत होतं?"

तिने स्वेटर त्यांच्या छातीला लावून धरला. खांदा, छाती, बाही, सगळं त्यांच्याच मापाचं होतं. नुसत्या नजरेने गिऱ्हाइकाचं माप सांगणाऱ्या मास्तरांना ते आत्ता दिसलं. त्यांचे डोळे भरून आले.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर भाजी कोणी चिरली असती?" तिने त्यांच्या गळ्यात स्वेटर घातला. "आणि दात्याला सांगा, चहात साखर फार पडते."