सौनात वाळवलेली काडतुसं

"ही गरम कशी लागतायत?" लोकरीच्या मोज्यातून काडतुसं हातावर ओतत ऑस्मोने बायकोला विचारलं.

"वाळवली ना! काल होडीतून पिशवी पाण्यात पाडलीस. मग मोज्यात भरून तापलेल्या सौनाच्या वरच्या फळीवर ठेवली, निघताना उचलली," मार्ता म्हणाली. आता नवरा शाबासकी देईल, अशा अपेक्षेने ती उभी राहिली.

ऑस्मोने काडतुसं पटकन सावलीत धरली. ही काडतुसं त्याने फेब्रुवारीत, गोठलेल्या तळ्यावर नेम तपासत, स्वतः दारू भरून बसवली होती. कडाक्याच्या थंडीत बंदुकीची दारू आळसावते आणि गोळी खाली लागते, म्हणून तो चिमूट-चिमूट वाढवत गेला होता. आता जुलैचं ऊन, त्यात सौनाची, म्हणजे वाफेने न्हायच्या खोलीची ऊब. उन्हात हीच दारू चेकाळते, यावर त्याने गावाला इतकी प्रवचनं दिली होती, की तो दिसला की लोक रस्ता बदलत.

पण आज इथे मैदानावर मूस या दांडग्या हरणाच्या शिकारीसाठी नेमबाजीची परीक्षा होती, हंगामाआधीची शेवटची. नापास झाला तर यंदा रायफल घरी आणि शिकारी टोळीचं पुढारपण दुसऱ्याकडे. शिवाय बाजूला मेव्हणा ताइस्तो उभा होता, दुकानी काडतुसांनी नुकताच पास झालेला.

"दाजी, काही अडलंय का?"

"माझ्या हातची आहेत रे. दुकानातली थोडीच आहेत?" ऑस्मो म्हणाला आणि हट्टाने पुढे झाला.

पहिल्या बाराला पाइनवरचे कावळे उडाले, परीक्षक बाईंची कॉफी सांडली आणि ऑस्मोचा चष्मा कपाळावर गेला. तो हादरून रायफलकडे बघत राहिला. बोल्ट हलेना. ओढला, हिसकला, विनवला. काडतुसाचं पितळ आत फुगून घट्ट बसलं होतं.

"थांब, ठोकायला लाकूड आणते!" मार्ता बर्चचा ओंडका घेऊन धावली.

"खबरदार! रायफल खाली ठेवा," बाई गरजल्या. चार गोळ्यांसाठीचं दीड मिनिट संपलं, तरी एकच गोळी सुटली होती. "नापास. रायफल तपासू, ठीक असली तर आणखी एक संधी. पण ही काडतुसं नकोत."

रायफल धड निघाली. ऑस्मो मात्र धड नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मेव्हण्यापुढे हात पसरला. ताइस्तोने रिकामे खिसे चाचपले, मग पिशवीच्या तळातून चार काडतुसं काढली.

"दुकानातली?" ऑस्मोने नाक मुरडलं.

"घ्या ना दाजी, बाई वाट बघतायत."

चारही गोळ्या पुठ्ठ्याच्या मुसाच्या काळजात बसल्या. बाईंनी मान डोलवली. ऑस्मोचे डोळे भरून आले.

"कबूल करतो, तुझं दुकान बरं आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

ताइस्तो बुटाने माती उकरू लागला. "दाजी, ती तुमचीच आहेत. ख्रिसमसला दिलेली. उन्हाळ्यात बसवलेली, बहुतेक."

"माझी!" ऑस्मो सुखावला. "बघ मार्ता, सांगत नव्हतो? पण ही उरली कशी? दरवर्षी एक डबी देतो तुला."

"सगळ्याच उरल्यात. उडवायची छाती झाली नाही."

ऑस्मोने आ वासला. दर शरदात ताइस्तोने मूस पाडला की वाटाण्याच्या सुपाभोवती बसून ऑस्मो सगळ्यांना सांगे, गोळी माझ्या हातची होती. ताइस्तोही मान हलवी.

"मग ते मूस?"

"दुकानातल्या गोळीचे."

ऑस्मोने उरलेली गरम काडतुसं पुन्हा मोज्यात भरली. मार्ताने नवऱ्याचा दंड धरला. "चल घरी. सौना तापवते, जरा बरं वाटेल."

"तापवायच्या आधी फळीवर बघ," ऑस्मो क्षीण आवाजात म्हणाला, "माझं काही राहिलंय का."