किशनरावांचं ऊन

काचीगुड्यात आमच्या शेजारी राहणारे किशनराव भेटले, की "जेवलात का?" असं कधी विचारत नसत. "ऊन खाल्लं का?" असं विचारत. आणि "नाही" म्हटलं, की समोरच्याला मनगट धरून गल्लीतल्या उन्हात नेऊन उभं करत.

माणूस परभणीकडचा, शेतीवाडीच्या घरातला. माझ्या यजमानांच्याच कचेरीत हेडक्लार्क. उन्हानं अंगात तयार होणारं जीवनसत्त्व 'ड' म्हणजे त्यांचं जणू कुलदैवत. "हाडं चुन्याची, वैनी. पण पोटातला चुना हाडापर्यंत नेणार कोण? हे 'ड'. फुकट मिळतं ना, म्हणून कुणी घेत नाही." माझ्या तान्ह्या मुलीला मी बंद खिडकीशी निजवलं, तर बाहेरून लगेच आवाज येई, "काचेतलं ऊन नक्को. त्याचा उपयोग नाही. पोरीला बाहेर आणा."

कचेरीत त्यांनी आपलं टेबल थेट व्हरांड्यात उन्हाला मांडलं होतं. साहेबांनी जाब विचारायला बोलावलं, तर यांनीच विचारलं, "साहेब, कंबर दुखते म्हणता ना? चला बाहेर." त्यानंतर व्हरांड्यात दोन टेबलं दिसू लागली.

मग हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि मराठी कारकुनांना औरंगाबादचे हुकूम येऊ लागले. रोज कुणाची तरी ट्रंक टांग्यावर चढे. किशनरावांना तर बढतीही मिळत होती. त्यांनी साफ नकार दिला.

"तिथं माडीवरचं बिऱ्हाड देतायत. अंगण नाही. ऊन कुठून आणू?"

सगळी कचेरी पोट धरून हसली. आम्हीही हसलो.

पुढं आमचाही हुकूम आला. निघायच्या सकाळी मुलीला कडेवर घेऊन मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. त्यांच्या पत्नी गयाबाई कधी बाहेर येत नसत. गल्लीनं त्यांना गर्विष्ठ ठरवलं होतं. त्या अंगणात बाजेवर पाय पसरून बसल्या होत्या, आणि माळकरी किशनराव नाक दाबून चमचाभर माशाचं तेल गिळत होते.

"मी घेतल्याशिवाय ती घेत नाही," ते ओशाळून म्हणाले. मग सांगू लागले, "आमच्या घरी गोषा फार. माजघर, नाहीतर बाळंतिणीची अंधारी खोली. बाळंतपणांमागून बाळंतपणं. लेकरं राहिली नाहीत, अन् हिची हाडं मऊ पडली. उठता येईना. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा कुठं कळलं."

गयाबाईंचं लक्ष माझ्या मुलीकडं होतं. "थांब गं, कुंकू लावते," असं म्हणत त्या भिंत धरून उठल्या. करंडा पलीकडच्या कोनाड्यात होता. एकेक पाऊल टाकत त्या तिथवर गेल्या आणि परत आल्या. किशनराव दोन्ही हात पसरून मागोमाग चालत होते, त्यांना स्पर्श न करता.

माझ्या आणि मुलीच्या कपाळाला कुंकू लागलं, तेव्हा कुठं किशनरावांनी पसरलेले हात खाली घेतले.