मिरकरवाड्याचे वाचक

सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या नौका परवाना उपकार्यालयात संगणक आला आणि त्याच दिवशी हाताने परवाने लिहिणे बंद झाले. दोन्ही आदेश एकाच परिपत्रकात होते, त्यामुळे त्यांतला एकच पाळण्याची सोय नव्हती.

संगणक चालवायला मिरजोळ्याची मालन सावंत नेमली गेली. ती मुंबईला शिकून आली होती. मुख्यालयाने पाठवलेला परवान्यांचा प्रोग्रॅम तिने यंत्रात घातला, दोनतीनदा खटपट केली आणि ती कार्यालयप्रमुख सुर्वेसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, हा प्रोग्रॅम आधी यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो. त्याला कंपाइल करणं म्हणतात. पण त्यासाठी बाहेरची एक लायब्ररी लागते, आणि ती त्यांनी पाठवलेलीच नाही. ती बसवल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “लायब्ररी. यंत्राला.”

“पुस्तकांची नाही, साहेब. नेहमी लागणारी कामं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. तारीख कशी छापायची, नावं क्रमाने कशी लावायची, असली. सगळी एका फ्लॉपीवर मावतात.”

साहेबांना ते कळले. अडचण साहेबांच्या आकलनाची नव्हती, अंदाजपत्रकाची होती. “असं बघा, फ्लॉपीसाठी आपल्याकडे लेखाशीर्ष नाही. ग्रंथालयासाठी आहे. आपण ग्रंथालय मागू. त्यातून तुमची फ्लॉपी येईल.”

मालनला हे शहाणपणाचे वाटले. ती नोकरीत नवीन होती.

बाहेर बाकावर यमुनाबाई शिवलकर बसून होत्या. नवरा गेल्यापासून मिरकरवाडा बंदरातला ट्रॉलर त्याच सांभाळत. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. परवाना नाही तर डिझेल नाही, आणि डिझेल नाही तर खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर चढतात. गेलेला खलाशी त्या हंगामात परत येत नाही.

“सायेब, परवाना कदी व्हयाचा?”

“ग्रंथालय झालं की.”

यमुनाबाईंनी थोडा विचार केला. “मंग करा की बिगीन.”

मुख्यालयाने ग्रंथालय मंजूर केले, कारण ग्रंथालय नामंजूर करणे कोणालाच बरे दिसत नाही. प्रथम कपाटे आली. कपाटांना कोरडी खोली हवी, आणि कोरडी खोली कार्यालयात एकच होती, संगणकाची. संगणक जिन्याखाली गेला. मग पुस्तके आली: उसावरील कीड, बटाट्याची लागवड, वाळवंटातील उंटपालन. परवाने लिहिणारे रावजी कारकून मोकळेच होते, ते ग्रंथपाल झाले. शेवटच्या गठ्ठ्यात फ्लॉपी निघाली.

मालनने हात पुढे केला.

“थांबा,” रावजी म्हणाले. “दाखल करून घेतल्याशिवाय ग्रंथ देता येत नाही.”

रावजी कामाला चोख होते. ग्रंथाला एक शिक्का बाहेर मारतात आणि एक आत. बाहेरचा नीट बसला. आत पान नव्हते, पण वेष्टनाच्या फटीतून काळी चकचकीत चकती दिसत होती. तिच्यावर त्यांनी गोल शिक्का दाबून मारला आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.

चकतीला शाई लागली म्हणजे फ्लॉपी कामातून गेली. मालन जिन्याखाली जाऊन संगणकाशेजारी बसली. आधी तिला रडू आले, मग हसू आले. मग तिने दुसऱ्या प्रतीची मागणी लिहिली.

मुख्यालयाचे उत्तर बिनतोड होते: ग्रंथालयाला एकही सभासद नसताना दुसरी प्रत कोण वाचणार?

साहेबांनी बाकाकडे पाहिले. बाकावर परवान्यासाठी खोळंबलेला सगळा मिरकरवाडा बसला होता. त्याच दिवशी तो सभासद झाला. रावजींनी प्रत्येकाला ठसठशीत अक्षरात कार्ड लिहून दिले: नाव, गाव, बोटीचे नाव, खाली गोल शिक्का. अक्षर वळणदार काढायला मिळाल्याने ते खूश होते.

यमुनाबाईंच्या वाट्याला उंटपालन आले. “उंट घेऊन मी काय करू?”

“वाचायचं नाही, बाई. नुसतं न्यायचं.”

पौर्णिमा झाली. दर्यात नारळ पडले. खलाशी चुळबुळू लागले, तेव्हा यमुनाबाई डिझेलच्या पंपावर गेल्या. पंप सांभाळणाऱ्या बाळाने परवाना मागितला. त्यांच्या कमरेच्या पिशवीत सरकारी असे ते एक कार्डच होते. ते त्यांनी पुढे केले. बाळाने शिक्का पाहिला आणि डिझेल सोडले. समुद्रात गस्तीच्या बोटीने ट्रॉलर अडवला. जमादारांनी शिक्का उजेडात धरला, मान हलवली आणि वाट दिली.

आठवड्याच्या आत बंदरातली एकूणएक बोट वाचक म्हणून समुद्रात गेली. सभासदसंख्या पाहून मुख्यालयाने प्रशस्तिपत्र धाडले आणि सोबत दुसरी प्रतही. ती मालनने रावजींच्या नजरेस पडू दिली नाही. लायब्ररी बसली, प्रोग्रॅम चहा निवायच्या आत कंपाइल झाला आणि यंत्राने पहिला परवाना छापला, तारखेसकट. सुर्वेसाहेबांनी तो स्वतः यमुनाबाईंच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई तो घेऊन पंपावर गेल्या. बाळाने कागद उलटा केला, सुलटा केला.

“काकी, ह्याच्यावर शिक्का कुठं हाय? नेहमीचं कार्ड आना.”

यमुनाबाईंनी कार्ड काढले. डिझेल मिळाले. मालनच्या यंत्रातून परवाने निघतच राहिले. घरी नेऊन लोकांनी ते जपून ठेवले.

हे वाचून शहाणी माणसे हसतील. त्यांनी एक करावे. आपल्याजवळचा सर्वांत महत्त्वाचा सरकारी कागद डोळ्यांपुढे आणावा. शिक्का कुठल्या कोपऱ्यात आहे, ते लगेच आठवेल. वर काय लिहिले आहे, ते मात्र घरी गेल्यावर एकदा वाचावे लागेल.