साठ्याचा गुडघा

अरविंद साठे लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. सिंगापुरात सेरंगूनला आमच्याच ब्लॉकमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतो, पण हातात अख्खा दुधीभोपळा असला तरी जिन्यानेच जातो. लिफ्टसाठी थांबलेल्यांकडे तो दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांकडे बघावं तसा बघतो. नात म्हणते, "आजोबा, टेक द लिफ्ट लाह." त्यावर ठरलेलं उत्तर: "चढ म्हणजे काय गं? खालून पाहिलेला उतार."

तांजोंग पगारच्या एकाच ऑफिसात आम्ही दोघे म्हातारे झालो. रिटायर झाल्यावर आमच्या मराठी ग्रुपने आल्प्सची टूर ठरवली. त्यात एक शिखर पायी चढायचं होतं. साठ्याने सरावासाठी आम्हाला पुलाउ उबीन बेटावर नेलं. तिथे लोक मजेत सायकली चालवत होते आणि आम्ही पाठीवर तांदळाच्या पिशव्या घेऊन चालत होतो. टेकडी संपली तेव्हा त्याचा चेहरा पडला. "एवढीच?"

शिखरावरून दिसणारा प्रत्येक सुळका त्याने नावानिशी पाठ केला होता. भाजीवाल्यालाही ऐकवायचा.

पुढची गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये सगळे सांगतात: शिखर हाकेच्या अंतरावर असताना साठ्याचा गुडघा गेला आणि त्याच्या सोबतीला नाना, म्हणजे मी, थांबलो. तेव्हापासून साठे चेष्टेचा विषय आणि मी थोर मित्र.

हे खोटं आहे. दोन्हीकडची दरी बघून घाबरलो तो मी. वाटेवर धरायला लावलेली तार माझ्या हातातून सुटेना. "तू जा," मी म्हटलं. साठ्याने एकदा वर पाहिलं. मग माझ्या शेजारी बसकण मारून ओरडला, "माझा गुडघा गेला रे. नाना थांबतोय माझ्याजवळ."

बाकीचे वर जाऊन चारी दिशांचा बर्फ बघत होते. साठे समोरच्या खडकाकडे बोट दाखवून त्यामागच्या सुळक्यांची नावं मला सांगत होता.

परवा गणपतीच्या तयारीसाठी सगळे आमच्या ब्लॉकखाली जमले होते. कुणीतरी पुन्हा तो गुडघा काढला. मी उभा राहिलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. 

"काही ऐकू नका याचं," साठे म्हणाला. "वय झालंय, आठवत नाही त्याला." आणि सगळ्यांदेखत लंगडत माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरला.

दार लागलं. तो बदलत्या आकड्यांकडे संशयाने बघत होता.

"डाव्या पायाने लंगडतोयस," मी म्हटलं. "तेव्हा उजवा धरला होतास."

चौदावा मजला आला. साठ्याने पाय बदलला आणि रिकाम्या व्हरांड्यातून उजव्या पायाने लंगडत घरी गेला.