गृहीत धुलाई

मंगळवारी सकाळी मावशींच्या धुलाई केंद्रातले मोठे यंत्र बंद पडले. यंत्रे बंद पडतात, त्यात बातमी होण्यासारखे काही नाही. मोटर गुरगुरत होती, पण कपड्यांचे पिंप फिरत नव्हते, आणि मोटरला पिंपाशी जोडणारा पट्टा तुटून मेलेल्या सापासारखा खाली लोंबत होता. दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही तो दिसत होता. तेव्हा बिघाड कुठे आहे हा प्रश्न नव्हताच. प्रश्न इभ्रतीचा होता.

पूर्वी असे झाले की कोपऱ्यावरचा मिस्त्री येई, पट्टा बदली आणि जाताना "मावशी, यंत्राला अधूनमधून तेल दाखवत जा" असे एक वाक्य टाकून जाई. ते वाक्य मावशींना मिरचीसारखे झोंबे. म्हणून धाकट्या पोराला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला त्याच दिवशी त्यांनी मिस्त्र्याला भर रस्त्यात गाठून सांगितले होते, "आता आमच्या उंबऱ्याला पाय लावायची तसदी घेऊ नकोस. घरात इंजिनिअर तयार होतोय." अर्ध्या रस्त्याने ते ऐकले होते आणि उरलेल्या अर्ध्याला मावशींनी स्वतः जाऊन सांगितले होते. तेव्हापासून पोराचे घरातले नावच इंजिनिअर पडले. आता तो दुसऱ्या वर्षाला होता. म्हणजे निम्मा तर झालाच होता.

दुकानात त्या दिवशी कॉलेजच्या वसतिगृहातल्या चादरींचा आणि प्राध्यापकांच्या पांढऱ्या कोटांचा डोंगर होता. गुरुवारी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. गुरुवारी सकाळी माल पोचला नाही तर कॉलेजचे काम कायमचे पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या धुलाईवाल्याकडे जाईल, असे विभागप्रमुखांनी बजावले होते. कॉलेजचे काम हाच दुकानाचा कणा होता. तो मोडला की दुकानाला कुलूप, आणि इंजिनिअर निम्म्यावरच राहायचा. हाताने धुवायचे म्हटले तर तो डोंगर संपेपर्यंत तपासणी समिती सेवानिवृत्त झाली असती.

"बघ रे, काय झालंय ते," मावशी म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी मुद्दाम रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे म्हटले.

इंजिनिअरने हात मागे बांधून यंत्राला एक प्रदक्षिणा घातली. "आई, यात पट्टा आहे."

"तो मलाही दिसतोय."

"पट्टा पुढच्या सत्रात आहे. अजून शिकवला नाही. आत्ता हात लावला तर अभ्यासक्रमाबाहेर होईल."

इस्त्रीच्या टेबलाशी मावशींची थोरली लेक होती. तिने इस्त्री उभी केली. "मग या सत्रात काय आहे, साहेब? मोटर?"

"मोटर इलेक्ट्रिकलवाल्यांची, ताई."

"पाणी तरी आहे का?"

"पाणी आहे. पण आमच्या पाण्याला चिकटपणा नसतो आणि ते कशाला घासत नाही."

"मग मळ कसा निघतो?"

"मळ नाहीये अभ्यासक्रमात," इंजिनिअर म्हणाला, आणि खिशातून खडू काढून त्याने यंत्राभोवती तुटक रेषेचा एक चौकोन आखला. रेषेच्या आतली ती सिस्टिम, बाहेरचे सगळे सराउंडिंग, असे त्याने समजावले. मावशी स्वतःच्या दुकानात सराउंडिंग झाल्या. हयातीत त्यांना अनेकांनी अनेक नावे ठेवली होती, पण असे पाठ्यपुस्तकातले नाव कोणी ठेवले नव्हते. त्यांना ते आवडावे की झोंबावे हे चटकन ठरेना.

"मिस्त्र्याला हाक मारू का?" थोरलीने विचारले.

"मारलीस तर तुझी इस्त्री त्याच्याच दारात नेऊन ठेव," मावशी म्हणाल्या. "पोरा, तुझ्या सरांना बोलाव."

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी दुपारी सर मंडळी आली. आधी उष्णतेचे सर आले. त्यांनी खडूची रेषा निरखली, पोराची पाठ थोपटली आणि विचारले, "रेषेतून आत काय जातंय?"

"वीज," थोरली म्हणाली.

"बाहेर काय येतंय?"

"काहीच नाही. तेच तर दुखणं आहे."

"असं होऊच शकत नाही. आत गेलेली ऊर्जा कुठे जाईल? काम होतच असलं पाहिजे. आपल्याला दिसत नसेल." एवढे बोलून ते स्टुलावर बसले. आपल्या विषयापुरते यंत्र चालू करून त्यांनी चहा मागितला.

पाठोपाठ ड्रॉइंगच्या मॅडम आल्या. यंत्र समोरून, वरून आणि बाजूने दिसल्याशिवाय त्याच्याविषयी बोलणे त्यांना अशास्त्रीय वाटे. समोरून ते दिसले. वरून पाहण्यासाठी त्या इस्त्रीच्या टेबलावर चढल्या, तेव्हा थोरलीने त्यांच्या पायाखालून तीन कोट ओढून घेतले. बाजूला मात्र भिंत होती. "भिंत हलवता येईल का?" त्यांनी विचारले.

"भिंत शेजाऱ्याची आहे," मावशी म्हणाल्या.

"मग पट्टा लपलेला समजू. लपलेल्या गोष्टी आम्ही तुटक रेषेने दाखवतो." त्यांनी कागदावर पट्टा तुटक रेषेने काढला. खाली लोंबणारा पट्टाही तुटकाच होता, त्यामुळे चित्र हुबेहूब आल्याचे सर्वांनी मान्य केले.

तिसरे आले तुळईचे सर. जगातली कुठलीही वस्तू दोन टेकूंवर ठेवलेली तुळई आहे, या श्रद्धेवर त्यांची नोकरी कायम झाली होती. त्यांनी यंत्राला आधी भिंतीपासून, मग जमिनीपासून आणि शेवटी मावशींपासून मनातल्या मनात सोडवले आणि सगळ्यांच्या जागी बाण काढले. मावशींच्या वाट्याला खाली टोक केलेला मोठा बाण आला.

"हा मी का?" मावशींनी विचारले.

"आपला भार, बाई."

"माझा भार तुमच्या कागदाला झेपायचा नाही, सर. चादरींचं बोला."

संध्याकाळ झाली तरी यंत्र आतून, वरून आणि मावशींवाचून समजून घेणे चालूच होते. पट्ट्याला कोणीही हात लावला नव्हता, कारण पट्ट्याचे सर वेगळे होते आणि ते पुढच्या सत्रात रुजू होणार होते. रस्त्यापलीकडून कोपऱ्यावरचा मिस्त्री दात कोरत हे सगळे पाहत होता. मावशींना दुकान बुडण्याची भीती होतीच, पण ते या माणसाच्या डोळ्यांदेखत बुडणार, हे जास्त जिव्हारी लागत होते.

बुधवारी विभागप्रमुख स्वतः आले. ते कमी बोलत, त्यामुळे विद्वान वाटत. त्यांनी एक चादर उचलली. तिच्यावर चहाचा, शाईचा, ग्रीसचा आणि आणखी कशाचा तरी डाग होता. त्यांनी तराजू मागवला, चादर तोलली आणि इंजिनिअरकडे वळले.

"या चादरीत मळाचं वजन किती असेल?"

"चादरीच्या मानाने अगदीच कमी, सर."

"अगदीच कमी असलेल्या राशीचं आपण काय करतो?"

"सोडून देतो, सर."

"सोड."

इंजिनिअरने मळ सोडून दिला.

"आता काय उरलं?"

"स्वच्छ चादर, सर."

सर मंडळींनी माना डोलावल्या. पुढचे ओघानेच आले. मळ नगण्य, म्हणून तो काढण्याचे कामही नगण्य. बंद यंत्र काहीच काम करत नाही आणि चालू यंत्र नगण्य काम करते, म्हणजे दोन्हींत फरक नाही. सबब यंत्र चालू आहे. उष्णतेच्या सरांनी तर ते मंगळवारीच सांगितले होते.

"आणि हा डाग?" थोरलीने चादर नाकासमोरून दूर धरत विचारले. "वासानं डोळ्यांत पाणी येतंय."

"वासाचं वजन किती?" विभागप्रमुखांनी विचारले.

थोरलीला वासाचे वजन सांगता येईना. ज्याचे वजन सांगता येत नाही त्याविषयी तिने बोलू नये, असे ठरले.

मावशींची शाळा चौथीतच सुटली होती, पण कोणाच्या तोंडून आलेले कोणाच्या गळ्यात बांधायचे, हे शिकायला शाळा लागत नाही. त्या पदर खोचून पुढे झाल्या. "सर, म्हणजे तुमच्या विद्येप्रमाणे हे सगळं धुतलेलं आहे?"

"सैद्धांतिकदृष्ट्या, होय."

"मग उद्या सकाळी घड्या घालून पोचवते. आणि हे तुम्हीच म्हणालात, हे चौघांनी ऐकलंय."

विभागप्रमुखांचा चेहरा किंचित उतरला, कारण त्या डोंगरात त्यांचाही कोट होता. पण सिद्धांत त्यांचाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गुरुवारी समिती आली. प्राध्यापक रांगेत उभे होते. प्रत्येकाचा कोट कडक इस्त्रीचा होता, आणि इस्त्रीमुळे डागांना चांगलीच धार आली होती. समितीचे अध्यक्ष रांगेतून चालत विभागप्रमुखांपाशी थांबले. त्यांनी छातीवरच्या तपकिरी वर्तुळावर बोट ठेवले. माल पोचवून मागेच थांबलेल्या मावशींनी श्वास रोखला. सगळ्यांनीच रोखला होता, पण त्याचे कारण वेगळे होते.

"हे काय?"

"नगण्य, सर."

अध्यक्षांनी चष्मा लावून पाहिले. चष्मा काढून पाहिले. त्यांचेही दुसरे वर्ष कधीकाळी झाले होते. चष्म्याविना पाहणे त्यांना अधिक सोयीचे वाटले. "मर्यादेत आहे," ते म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "कुठे टाकता कपडे?"

तिथून मावशींचे दिवस पालटले. समितीच्या अध्यक्षांचे कपडे आले. त्यांच्या कार्यालयाचे पडदे आले. मग ज्यांना अध्यक्षांच्या बरोबरीचे दिसायचे होते अशा सगळ्यांचे कपडे आले. दुकानावर पाटी लागली: 'येथे कपडे सैद्धांतिकदृष्ट्या स्वच्छ करून मिळतील.' साध्या धुलाईपेक्षा दर जास्त होता, कारण साधी धुलाई कोणीही करतो. पलीकडचा धुलाईवाला बिचारा साबणाने कपडे धूत राहिला आणि मागासलेला ठरला. बसमध्ये, कचेरीत, लग्नाच्या मांडवात माणसे एकमेकांपासून जरा अंतर राखून उभी राहू लागली, आणि त्याला सभ्यता म्हणू लागली. नाक मुरडणारा दिसला की त्याला वजन विचारत.

एकदा कोपऱ्यावरचा मिस्त्री नवा पट्टा खांद्यावर टाकून आला. "मावशी, फुकट बसवून देतो. झालं गेलं विसरा. रस्त्यानं चालवत नाही हो."

"पट्टा अजून शिकवला नाही," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या तेलकट शर्टाकडे पाहून पुढे बोलल्या, "तो शर्ट टाकून जा. तुला दरात सूट देते."

मिस्त्री घुटमळला. इकडेतिकडे पाहून त्याने शर्ट काढून दिला. माणसाला रस्त्यात राहायचे असते.

पुढचे सत्र आले. पट्ट्याचे सर रुजू झाले, त्यांनी पट्टा शिकवला आणि इंजिनिअर घरी येऊन म्हणाला, "आई, प्रत्येक पट्टा थोडा घसरतो आणि शक्ती वाया जाते. फक्त नसलेला पट्टाच घसरत नाही. आपल्या यंत्राची कार्यक्षमता पुस्तकातल्यापेक्षा चांगली आहे." हाच विषय घेऊन तो पहिल्या वर्गात पास झाला. मावशींनी यंत्राला नवा रंग दिला.

एका दुपारी थोरली परसात गेली, तर मावशी परसाचे दार नुसते लोटून घेऊन बादलीपाशी बसल्या होत्या. साबणाचा फेस कोपरापर्यंत आला होता. घरातल्या माणसांचे कपडे त्या दगडावर आपटून, पिळून, पुन्हा आपटून धूत होत्या.

"आई, हे काय? आपलेही तसेच चालले असते की. गृहीत धरायचे."

"गृहीत गिऱ्हाइकाला धरायचं असतं," मावशी म्हणाल्या. "घरच्या माणसाशेजारी मला जेवायला बसायचं असतं. कडी लाव आधी."

आता तुम्ही म्हणाल, असे दुकान कुठे असते का, आणि अशी गिऱ्हाइके तरी कुठे असतात. म्हणा. पण हे वाचताना तुमच्या अंगात जो कडक इस्त्रीचा कपडा आहे, त्याची बाही एकदा नाकाशी नेऊन पाहा. काही जाणवलेच, तर बोंब मारू नका. आधी वजन सांगा.